कोरा साक्षीदार

१

सोमवारी सकाळी नऊला धाकटीने भट्टीच्या नळीची टोपी काढली, आतली होडी आकड्याने बाहेर ओढली, आणि होडीतल्या चकतीकडे बघून ती जमिनीवरच बसली.

होडी म्हणजे वीतभर लांबीची क्वार्ट्झची थाळी. चकती म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढा सिलिकॉनचा तुकडा, आरशासारखा गुळगुळीत. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. शाईचा नाही, मातीचा नाही. काळ्या मखमलीचा. एकेक रेघ चकतीतून वर उगवलेली. कडेने पाहिलं तर गवताच्या बारीक बांधासारखी उभी. ठशाच्या मधोमध एक तिरकी पट्टी तेवढी कोरी होती. जुन्या जखमेचा वण असावा तशी.

त्या प्रयोगशाळेत असा वण एकाच अंगठ्यावर होता, असं सगळे सांगत. तो प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा. आणि बाईंना जाऊन तीन महिने झाले होते.

मंगळवारी तडेमास्तर आले तोवर ही बातमी तिखटमीठ लागून फाटकापर्यंत पोचली होती.

"भट्टी पेटवायला माणूस नाही, तरी रविवारी चारच्या सुमाराला पंख्याचा आवाज येत होता," रखवालदार म्हणाला. "मी जाऊन दार हलवलं. आवाज बंद!"

"मग आत गेलात?"

"मास्तर, माझं लग्न व्हायचंय अजून."

तडेमास्तरांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर होतं. एकतीस वर्षं त्यांनी एका ओतशाळेत काम केलं. ओतलेल्या लोखंडाला तडा गेला की तो का गेला हे शोधून दोन ओळींत लिहायचं, हे ते काम. निवृत्तीनंतर इतर ठिकाणचे तडेही त्यांच्याकडे येऊ लागले.

इथला तडा असा होता. चकतीवर लोखंडाचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर द्यायचा. चकती भट्टीतल्या नळीत ठेवून तापवायची आणि वरून कार्बन असलेला वायू सोडायचा. तापल्यावर थराचे बारीक कण होतात, आणि प्रत्येक कणातून कार्बनचा एकेक तंतू उगवतो. असे कोट्यवधी तंतू शेजारी शेजारी उभे राहिले की त्याला इथले लोक रान म्हणत. बाईंचं रान दहा मिनिटांत दोन मिलिमीटर वाढायचं. तसं त्यांनी छापलं होतं, आणि जगाने वाखाणलं होतं. त्या गेल्यावर तेच काम अठरा वेळा करून पाहिलं. अठराही वेळा रान केसाच्या जाडीएवढं वाढून मेलं. त्यात बाईंची चालू वही खणातून नाहीशी झालेली.

शुक्रवारी बारा वाजता समिती बसणार होती. तोवर उत्तर मिळालं नाही तर बाईंचा लेख खोटा म्हणून मागे घेतला जाणार, आणि त्याच लेखावर उभा असलेला धाकटीचा चार वर्षांचा प्रबंध रद्द होणार. धाकटी बाईंची विद्यार्थिनी; शिवाय सख्ख्या बहिणीची मुलगी.

मास्तरांनी भिंग काढून ठसा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"या चकतीवर लोखंडाचा थर होता?"

"नव्हता," धाकटी म्हणाली. "ही कोरी चकती आहे. इथे काहीच उगवायला नको."

"बी नाही तिथे झाड नाही." मास्तरांनी भिंग ठशाच्या कडेवर धरलं. तिथे एक करडी खपली चिकटली होती, भाजून निघालेली; पण तिचा आकार ते एकतीस वर्षं बघत आले होते. "तुझ्या बाईंच्या हाताला गंज लागलेला असायचा का गं?"

"गंज? त्यांच्या?"

"हे गंजाच्या खपलीतलं लोखंड आहे," मास्तर म्हणाले. "आणि भुताच्या हाताला गंज लागत नाही."

२

उपप्रमुखांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. लोक त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणत. ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांचा त्यावर फारसा आक्षेप नव्हता.

"तक्रार मीच केली," ते म्हणाले. "राग म्हणून नाही. अठरांतल्या बारा फेऱ्या मी स्वतः केल्या. छापलेली कृती, छापलेलं तापमान, छापलेला वेळ. नाही येत. काय करू? जुन्या ओळखीखातर गप्प बसू?"

"बाई गेल्यावर इथे काय काय बदललं?"

"शिस्त आली." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. कागद क्रमांक घालून तयारच होता. "भट्टीवरचा माणूस कोठारात हलवला. सगळे त्याला काका म्हणतात. जेमतेम शिकलेला आहे. यंत्राला हात लावायचा त्याला कागदोपत्री अधिकारच नव्हता. चिंध्या, जुन्या टोप्या, वाकडे चिमटे भंगारात काढले. रबराच्या कड्यांना पुस्तकात सांगितलेलं ग्रीस सुरू केलं. हातमोजे सही करूनच मिळतात."

"बाई हातमोजे घालत?"

उपप्रमुख पहिल्यांदाच हसले. "उघड्या बोटाने चकती उचलली म्हणून एका मुलाला त्यांनी महिनाभर काचा धुवायला लावल्या होत्या. तो हल्ली बँकेत आहे."

"मग चकतीवर त्यांचा अंगठा कसा?"

"ते तुम्ही शोधायचं. माझा भुतांवर विश्वास नाही." त्यांनी एक पेन्सिल सरळ केली. "पण काल मी त्या खोलीत गेलो नाही, हे खरं आहे."

भंगाराची पेटी भट्टीच्या खोलीबाहेरच होती. मास्तरांनी ती उपसली. चिंध्या, चिमटे, नळीच्या टोकाला बसणाऱ्या दोन जुन्या पोलादी टोप्या. एका टोपीवर रबराची कडी बसते त्या खाचेभोवती पांढरट खर धरली होती, चहाच्या किटलीच्या तळाला धरते तशी. दुसरी टोपी लखलखीत. मास्तरांनी खरेवरून नख फिरवलं, आणि टोपी पिशवीत टाकली.

मग ते होडीकडे वळले.

"कोरी चकती मुळात आत ठेवायचीच कशाला?"

"ती बाईंची पद्धत," दारात उभे राहूनच उपप्रमुख म्हणाले. "प्रत्येक फेरीत दोन चकत्या. एक थर दिलेली, शेजारी एक कोरी. कोरीवर काही उगवलं तर नळी घाण आहे असं समजून सगळी फेरी रद्द. त्या तिला साक्षीदार म्हणत."

मास्तरांनी होडी उजेडात तिरकी धरली. तापून धुरकटलेल्या क्वार्ट्झवर दोन स्वच्छ चौकोन शेजारी शेजारी होते. म्हणजे रविवारी होडीत दोन चकत्या होत्या.

"साक्षीदार तर सापडला," ते स्वतःशीच म्हणाले. "पण ज्याच्यासाठी त्याला उभा केला, तो कुठे आहे?"

३

बाईंच्या खोलीत पांढरा कोट खुंटीवर तसाच होता. दाराच्या आत त्यांच्या सपाता जोडीने ठेवलेल्या, टाचा दाराकडे. जणू माणूस आत्ताच आत येऊन खुर्चीकडे गेलंय. धाकटी सपातांना वळसा घालून आली. मास्तरांनीही वळसाच घातला.

"भट्टीशी बसते ना, तेव्हा वाटतं मॅडम मागे उभ्या आहेत," ती म्हणाली. "चिमट्याने चकती धरली की कानाशी म्हणतात, 'कड धर, कड.' मी वळून बघत नाही."

"का?"

"बघितलं आणि नसली, तर?"

मास्तर टेबलाकडे वळले. "अंगठ्याला लागलं कशाने?"

"नवी नळी भट्टीत घालताना फुटली. मावशीला..." तिने जीभ चावली. "मॅडमना सहा टाके पडले. मी तेव्हा शाळेत होते."

मास्तरांनी कपाटाला टेकून ठेवलेली जादा नळी दोन्ही हात पसरून मापली. त्यांचे हात पुरले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि बाईंचा खण उघडला. आत तीन भरलेल्या वह्या होत्या. चौथीची जागा रिकामी.

"आता मला एक सांग, पोरी. दोन दिवस झाले, तू मला चहा विचारलास, पंखा हवा का विचारलंस. वही सापडली का, असं एकदाही विचारलं नाहीस. माझं चार वर्षांचं काम त्या वहीत असतं तर मी फरशा उखडल्या असत्या."

धाकटीने खांद्यावरची पिशवी काढली, आणि अंगातलं हाडच काढून द्यावं तशी वही बाहेर काढली.

"मीच घेतली. ती गेली त्याच दिवशी."

वहीत बाईंचं अक्षर बारीक, सरळ. फेरी, तारीख, तापमान, वाढ. दोन, सव्वादोन, दोन. आणि मध्येच कुठेतरी एखादी तारीख लाल वर्तुळात, पुढे 'शून्य'. मास्तरांनी मोजली. अकरा वर्तुळं.

"लेखात या अकरा फेऱ्यांचा उल्लेख नाही," धाकटी म्हणाली. "सगळे म्हणतील, फसलेलं दडवलं. तिने दडवलं नव्हतं हो. कारण सापडल्याशिवाय लिहायचं नाही म्हणून थांबली होती. पण आता कारण सांगायला तीच नाही, तर वही दाखवून मी काय करू?"

"शेवटचं पान?"

तिने उलटून दिलं. मरणाच्या आदल्या दिवशीची तारीख. आकडे नव्हतेच. एकच ओळ होती:

*काकांना विचारायचं.*

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी वही टेबलावर ठेवली.

अकरा वर्षांपूर्वी ओतशाळेत एक साचा उडाला होता. वितळलेलं लोखंड ओल्या साच्यात पडलं की स्फोट होतो. मास्तरांनी दोन ओळी लिहिल्या: साचा ओला होता, साचेवाल्याचा निष्काळजीपणा. साचेवाल्याला काढलं. तो वर्षभरात खंगून गेला. मग पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी वर पाहिलं, तर छपराचा पत्रा बरोबर साच्याच्या डोक्यावर गळत होता. मास्तर त्याच्या घरी गेले. त्याची बायको उंबऱ्यावर उभी राहिली. तिने शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलं होतंत का?"

तेव्हापासून ती बाई मास्तरांच्या घरातून गेली नव्हती. ते दिवा मालवत तिथे, कुलूप लावत तिथे, ती उंबऱ्यावर उभीच असे.

"हजेरीचं रजिस्टर कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

४

रजिस्टर उपप्रमुखांकडेच होतं. त्यांनी स्वतःच पानं उलटून दिली. मास्तर वहीतली तारीख वाचत, उपप्रमुख रजिस्टरवर बोट ठेवत.

पहिलं वर्तुळ: काका रजेवर, मुलीचं लग्न. दुसरं, तिसरं: काका रजेवर, लग्नाचीच आवराआवर. चौथं: दाढ काढली. सहाव्या वर्तुळाला उपप्रमुखांचं बोट थांबलं. अकराव्याला त्यांनी रजिस्टर मिटलं.

"अकराच्या अकरा," ते हळू म्हणाले. "काका नसले की रान नाही. काका कोठारात गेले, की कायमचंच नाही." मग त्यांच्या आवाजाला धार आली. "म्हणजे हातचलाखी! बाईंना खूश करायला हा माणूस आत काहीतरी घालत होता. मास्तर, सुटलं की कोडं. बाई खोट्या नव्हत्या, फसवल्या गेल्या. लेख मात्र खोटाच."

सगळं जुळत होतं. एकतीस वर्षांत दोन ओळी लिहायला मास्तरांना इतका पुरावासुद्धा लागला नव्हता. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली.

"विचारून येतो," ते म्हणाले.

कोठार इमारतीच्या मागे होतं. तिथे वायूच्या सिलिंडरांची रांग होती. मास्तरांनी जाता जाता कार्बनच्या वायूचा काटा पाहिला. नोंदीत होता त्यापेक्षा दाब बराच खाली. रांगेच्या टोकाला एक बुटका, टक्कल पडलेला माणूस स्टुलावर बसून सिलिंडरांच्या लोखंडी टोपणांचा गंज घासत होता. बोटं तपकिरी झाली होती.

"या मास्तर. बसायला टोपण देऊ की गोणपाट?"

"अंगठा दाखवा, काका."

काकांचा हात थांबला. "कुठला?"

"नळीचं दुसरं टोक धरलं होतं तो. दोन मीटरची नळी भट्टीत घालायला दोन माणसं लागतात. नळी फुटली तेव्हा बाईंना किती टाके पडले ते सगळ्यांना पाठ आहे. समोरच्याचं कोणी मोजलंच नाही."

"पाच," काका म्हणाले. "बाई म्हणायच्या, एकाने मी पुढे." त्यांनी उजवा हात उलटा केला. तपकिरी अंगठ्यावर तिरका, पांढरा, गुळगुळीत वण होता.

मग त्यांनी गोणपाटाखालून पत्र्याचा डबा काढला. आत कापसावर सात चकत्या होत्या. प्रत्येकीवर काळंभोर रान, दोन मिलिमीटर उंच, कापलेल्या मखमलीसारखं सरळ.

"सात रविवार," काका म्हणाले. "मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. बाईंनी थर देऊन ठेवलेल्या चकत्या कपाटात होत्या. त्यांना खोटं म्हणायला लागले तेव्हा म्हटलं, आपण तरी बघू. या रविवारी रखवालदाराने दार खडखडवलं, तर घाईत थराची तेवढी उचलली आणि साक्षीदार आतच राहिला. हातमोजे सहीशिवाय मिळत नाहीत, आणि मी कशाची सही करणार?"

"सात वेळा केलंत, सातही वेळा आलं. मग जाऊन सांगितलं का नाही?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. अगदी हळू, आत कोणी झोपलं असावं तसं.

"कारण ते मी करत नाही, मास्तर. मी एकटा असलो की बाई येतात."

५

शुक्रवारी सकाळी आठला भट्टीच्या खोलीत चौघं जमली. चकत्यांवर थर उपप्रमुखांनी स्वतः दिला होता आणि चकत्या रात्रभर कपाटात कुलपाखाली ठेवल्या होत्या. त्यांनी काकांचे खिसे तपासले. खिशात चष्मा आणि नातीची एक रबरी चिमणी निघाली.

"चिमणी बाहेर ठेवू का?" काकांनी विचारलं.

"ठेवा," उपप्रमुख गंभीरपणे म्हणाले.

काकांना कोरे हातमोजे मिळाले, सहीशिवाय. ते भट्टीच्या मागे गेले. वायू आत येतो ते टोक भिंतीकडे होतं. भिंत आणि भट्टी यांच्यातल्या फटीत सडपातळ किंवा बुटकंच माणूस मावे. उपप्रमुखांनी पुढून ग्रीसचा डबा दिला. काकांनी मुकाट्याने कडीला ग्रीस लावलं, टोपी बसवली. होडी पुढच्या टोकाने गेली: एक थराची चकती, शेजारी साक्षीदार.

भट्टी तापू लागली. तिचा घुमणारा एकसुरी आवाज खोलीत भरला. बाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसायचं कोणाच्या मनातही आलं नाही. चौघंही उभीच होती. काका मधूनमधून दाराकडे बघत.

दहाला होडी बाहेर आली. साक्षीदार कोरा. थराच्या चकतीवर काळसर धूळ बसल्यासारखा पुसट डाग.

"एकोणीस," उपप्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

काका जमिनीवर उकिडवे बसले. "नाही आल्या," ते म्हणाले. "इतक्या माणसांत त्या कशाला येतील?"

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. एका फेरीला दीड तास लागे. म्हणजे अजून एकच, आणि तिच्यात काय वेगळं करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

मास्तरही काकांसमोर उकिडवे बसले. गुडघे कटकन वाजले.

"काका, डोळे मिटा. बाई आहेत. सकाळ आहे. नळी थंड आहे. मला सांगू नका. हाताने करून दाखवा."

६

काकांनी डोळे मिटले. त्यांचे हात हवेत चालू लागले. नळीत फडकं घातलं, ओढलं. टोपी उचलली, फुंकर मारली. मग डावा हात बाजूला गेला, काहीतरी फिरवलं, उजवा अंगठा पुढे झाला, परत आला, आणि हवेत एक पूर्ण गोल काढला. मग टोपी बसवल्याची खूण.

"थांबा. डाव्या हाताने काय फिरवलंत?"

काकांनी डोळे उघडले. "काय फिरवलं?"

"आणि अंगठा? गोल?"

"ते होय! नळाखाली अंगठा धरला. रबराची कडी ओली केल्याशिवाय टोपी नीट बसत नाही. फडकं असलं तर फडक्याने, नाहीतर अंगठ्याने. त्यात काय सांगायचं? केर काढताना कोणी वाकलो म्हणून सांगतं का?"

"आज का नाही केलीत ओली?"

काकांनी उपप्रमुखांकडे पाहिलं. "परिपत्रक आहे ना."

मास्तरांनी पिशवीतून जुनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पांढरी खर वर करून. "ही मी मंगळवारी उचलली आणि तीन दिवस मूर्खासारखी वागवतोय. किटलीची खर. नळाचं पाणी रोज लागून रोज वाळलं की धरते. दोन टोप्यांपैकी एकीलाच आहे, मागच्या टोकाच्या. तिथून वायू आत येतो, आणि तिथे काकांशिवाय कोणी सहसा शिरत नाही. माझ्या धंद्यात पाणी म्हणजे वैरी. वैऱ्याकडून मदत होत असेल, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. आता तुम्ही सांगा, साहेब. तंतू वाढताना मरतो कशाने?"

उपप्रमुख टोपीकडे बघत होते. "कणावर काजळी चढते," ते सावकाश म्हणाले. "कार्बनचा लेप बसतो. कण गुदमरतो आणि..." ते थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "वायूबरोबर पाण्याची वाफ असेल, अगदी कणभर, तर ती काजळी जळून जाते. कण जिवंत राहतो. हे मला माहीत आहे. मी हे शिकवतो."

"बाईंनाही माहीत असणार," धाकटी वळून म्हणाली. "पण आत पाणी आहे हेच कोणाला माहीत नव्हतं!"

"मग आता कडी ओली करा," मास्तर म्हणाले. "काका नाही. तुम्ही. चकती तुमची, हात तुमचा. काका आणि मी बाहेर बसतो. हातचलाखीही बाहेर, आणि काकांबरोबर आणखी कोणी येत असेल तर तेही बाहेर."

उपप्रमुखांनी ग्रीस पुसलं. कोट काढून घडी घातली, नळाखाली बोट धरलं, आणि पोट आत ओढून ते भट्टीमागच्या फटीत शिरले.

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. भिंतीआडून भट्टीचा आवाज येत होता. काकांनी चिमणी परत खिशात घातली.

"म्हणजे बाई येत नव्हत्या," ते म्हणाले. "पाणी होतं."

सात रविवार एका माणसाला जी सोबत होती, ती त्यांनी तडा दाखवून फोडली होती.

"मी दर वेळी त्यांना सगळं सांगायचो," काका म्हणाले. "नात बोलायला लागली ते. कोठारात उंदीर झालेत ते. वाटायचं, ऐकतात. नाहीतर रान आलं असतं का?"

आत भट्टीचा सूर बदलला. वायू सुटला होता. आता दहा मिनिटं.

"काका," मास्तरांनी विचारलं, "कडी ओली करायची हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"बाईंनीच की. पहिल्या दिवशी. सतरा वर्षं झाली. मी आपला ग्रीसचा डबा घेऊन आलो, तर म्हणाल्या, 'तापलं की धुरतं ते मेलं. पाण्याचं बोट फिरव, पुरे.' पुढे त्या कधी त्या फटीत आल्या नाहीत. विसरल्याही असतील. इतक्या मोठ्या बाई, त्यांना बोटभर पाणी कशाला लक्षात राहील?"

मास्तर त्यांच्याकडे वळले. "आणि तुम्ही सतरा वर्षं रोज फिरवलंत."

"सांगितलं होतं ना त्यांनी."

"मग येत होत्याच की," मास्तर म्हणाले. "त्या टोकाला. रोज."

काकांनी स्वतःचा अंगठा वर धरून पाहिला. तपकिरी रंग अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी मूठ मिटली आणि ती मांडीवर ठेवली, दुसरा हात त्यावर.

पावणेबाराला दार उघडलं. उपप्रमुख दारात उभे होते. शर्टाच्या पाठीवर भिंतीचा चुना, बाही कोपरापर्यंत भिजलेली. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. त्यांनी फक्त बाजूला होऊन वाट दिली.

होडीतला साक्षीदार आरशासारखा कोरा होता. त्याच्या शेजारी काळं रान उभं होतं. सव्वादोन मिलिमीटर.

"काका," उपप्रमुख म्हणाले, "सोमवारपासून भट्टीवर या. मी तसं... मी तसं परिपत्रक काढतो."

समितीपुढे न्यायला धाकटीने चकती चिमट्याने उचलली. कड धरून. एक क्षण ती थांबली, आणि या वेळी तिने मागे वळून पाहिलं. मागे काका होते.

मग तिने वही उघडली. शेवटच्या पानावर बाईंच्या ओळीखाली तारीख घातली, आणि तिच्यापुढे एकच शब्द लिहिला.

*विचारलं.*

मास्तरांनी तो वाचला. त्यांचा अहवाल दोन ओळींचा झाला असता, पण त्यांनी तो चार पानं लिहिला आणि काकांचं बोलणं जसंच्या तसं घातलं. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना साचेवाल्याची बायको उंबऱ्यावर होतीच. मास्तर दारात थांबले.

"नव्हतं विचारलं," ते म्हणाले.

आणि तिला आत यायला वाट देऊन त्यांनी दिवा लावला.